आज्ञापालनाचें वरदान

मुलांसाठीं लिहिलेल्या गोष्टींचा गंभीरपणें विचार करण्याची चाल आमच्या विद्वान् मंडळींत फारशी नाहीं. गोष्ट मुलांची असली म्हणजे ती निरुपद्रवी असावयाची, आणि निरुपद्रवी असली म्हणजे तिच्यांत विचार करण्याजोगें कांहीं नसावयाचें, अशी एक सोयीची समजूत आपण करून घेतली आहे. आम्ही स्वतः या समजुतीला अपवाद होतों असें नाहीं. परंतु थोडें खोल पाहिलें तर असें दिसून येतें कीं, बऱ्यावाइटाच्या ज्या कल्पना माणसाला जन्मभर पुरतात, त्या त्यानें नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून घेतलेल्या नसतात. त्या निजतांना ऐकलेल्या गोष्टींतून त्याच्या मनांत उतरलेल्या असतात. पुढें महाविद्यालयांत जाऊन तो कँट वाचतो, मिल वाचतो. पण बहुधा तें सारें वाचन, आधींच लागून गेलेल्या निकालाला मागाहून पुरावे गोळा करण्यासारखें असतें. ज्या गोष्टीनें निकाल दिला, त्या गोष्टीची उलटतपासणी मात्र कोणी करीत नाहीं.

ही उलटतपासणी करण्याचा प्रसंग आमच्यावर आमच्या पंधरा वर्षांच्या पुतणीनें आणला. गेल्या दिवाळीच्या सुटींत ती आमच्याकडे राहावयास आली असतां, एके दुपारीं तिनें आमच्या टेबलावर एक लहानसें इंग्रजी पुस्तक आणून ठेविलें आणि म्हणाली, “काका, हें वाचा, आणि मग मला सांगा, शहाणी मुलगी म्हणजे ऐकणारी मुलगी, असं तुम्हांला अजून वाटतं का?” यांतील ‘अजून’ हा शब्द आम्हांस थोडा लागला. लहानपणीं तिला शहाणी म्हणतांना आम्हीं तो शब्द कोणत्या अर्थानें वापरीत आलों होतों, हें तिच्या ध्यानांत राहिलें होतें. पुस्तक अमेरिकेतील लेखिका गेल कार्सन लेव्हीन यांचें. नांव ‘एला एन्चान्टेड’. तें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि दुसऱ्याच वर्षीं बालवाङ्मयासाठीं तिकडे दिला जाणारा न्यूबेरी सन्मान त्यास मिळाला. किशोरवयीन वाचकांसाठीं सिंड्रेलाची जुनी गोष्ट नव्यानें सांगणारें हें पुस्तक आहे. आम्हीं तें प्रथम पुतणीच्या समाधानासाठीं हातीं घेतलें. पुरें केलें तें मात्र स्वतःच्या असमाधानासाठीं.

जुन्या गोष्टीला नव्या लेखकानें हात लावावा काय, हा प्रश्न अशा पुस्तकांच्या बाबतींत पहिल्यानें निघतो. परंतु सिंड्रेलाच्या बाबतींत तो फार वेळ टिकत नाहीं. मेरियन रोआल्फ कॉक्स या इंग्रज विदुषीनें १८९३ सालीं या कथेचीं व तिच्या भावंडकथांचीं मिळून ३४५ रूपें एकत्र केलीं होतीं. नवव्या शतकांतील एका चिनी ग्रंथांत हीच मुलगी माशाच्या हाडांपुढें मागणें मागते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इटलींतील बासिले यानें सांगितलेल्या गोष्टींत तर ही नायिका आपल्या पहिल्या सावत्र आईची मान पेटीच्या झांकणाखालीं चिरडून तिचा जीवच घेते. पुढें १६९७ मध्यें फ्रान्सांत पेरो यानें तिला जें रूप दिलें, त्यांत ती सारा छळ मुकाट्यानें सोसते, बापाजवळ तक्रार करण्याचेंही तिला धाडस होत नाहीं, आणि शेवटीं बहिणींना क्षमा करून त्यांचीं लग्नें दरबारांतील सरदारांशीं लावून देते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहांत मरतांना आई तिला सांगून जाते कीं चांगली रहा. आणि १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून कबुतरें त्या बहिणींचे डोळे फोडूं लागतात. सारांश, आपण जिला मूळ गोष्ट म्हणतों, तीही कोणीतरी बदललेलीच आहे. सिंड्रेलाचा सोशिकपणा हा कांहीं त्या कथेचा अनादि धर्म नव्हे. तो एका काळानें व एका समाजानें आपल्या मुलींना जें शिकवावयाचें होतें, त्यासाठीं तिच्या अंगीं लावलेला गुण आहे. जो गुण लावतां येतो, तो तपासून पाहण्याचा अधिकारही पुढल्या पिढीला असलाच पाहिजे.

लेव्हीनबाईंनीं नेमकें हेंच केलें आहे. लेखनाच्या एका वर्गासाठीं कांहींतरी लिहावयाचें होतें, कथानक सुचेना, म्हणून तयार कथानक असलेली सिंड्रेलेची गोष्ट आपण घेतली. पण ती मुलगी इतकी गुणी कीं तिच्याशीं आपलें जमेना, असें त्यांनीं या पुस्तकाच्या जन्माविषयीं सांगितलें आहे. मग त्यांनीं एक साधा प्रश्न स्वतःस विचारला: ही मुलगी इतकें ऐकते कां? आणि त्यांना उत्तर सुचलें तें असें कीं, तिला ऐकावेंच लागतें म्हणून. एवढ्या एका उत्तरावर सगळें पुस्तक उभें आहे.

एला जन्मली तेव्हां रडायची थांबेना. लूसिंडा नांवाची परी तेथें आली होती. तिनें प्रेमानें त्या बालिकेला वर दिला कीं ही सदैव आज्ञाधारक राहील. आणि मग लगेच म्हणाली, आतां रडूं नको. पोर गप्प झाली. तेव्हांपासून कोणीही सरळ आज्ञा केली कीं एलेला ती पाळावीच लागते. थांबून पाहिलें तर मळमळतें, डोकें दुखूं लागतें, घेरी येते. आणि शेवटीं हात आपोआप सांगितलेल्या कामाकडे वळतात. आज्ञा आईची असो, स्वयंपाकिणीची असो, कीं रस्त्यांतल्या परक्या माणसाची असो. शरीराला तो भेद कळत नाहीं. आईनें तिला एकदां सांगून ठेविलें कीं ही गोष्ट कोणालाही कळूं द्यावयाची नाहीं. यांत आईची माया आहे, आणि तरीही ती आज्ञाच आहे. त्यामुळें आपलें दुःख सांगण्याचा मार्गही मुलीला बंद होतो.

मुलीच्या हातीं राहतें तें एकच: शब्द पाळावयाचा आणि हेतु मोडावयाचा. घरची स्वयंपाकीण मँडी हिनें बदाम आणावयास सांगितले कीं ही दोनच बदाम आणते. भांडें धरून उभी रहा म्हटलें कीं भांडें धरते, पण पाय हलवीत राहते. वाचतांना आपण हंसतों. परंतु या खोडकरपणाचा अर्थ मोठा करुण आहे. ज्याला ‘नाहीं’ म्हणण्याची मुभा नसते, तो आपलें स्वत्व असेंच आडवाटेनें सांभाळीत असतो. पुढें शाळेंत हॅटी नांवाच्या मुलीला, जी मागाहून तिची सावत्र बहीण होते, हिचें वर्म कळतें. कारण कळत नाहीं, पण ही सांगितलेलें टाळीत नाहीं एवढें तिला कळतें, आणि तेवढें पुरतें. ती एलेच्या मृत आईचा हार काढून घेते; आणि शेवटीं एकुलत्या एका मैत्रिणीशीं मैत्री तोडून टाक अशी आज्ञा करते. ती पाळावी लागूं नये म्हणून एला रातोरात शाळेंतून पळून जाते.

आतां प्रश्न असा कीं, लूसिंडेनें दिलेली ही वस्तु सद्गुण म्हणावयाची कीं नाहीं? बाहेरून पाहणाऱ्याला एला आणि एखादी खरोखरीच विनयशील मुलगी यांत फरक दिसणार नाहीं. दोघीही सांगितलेलें करतात. परंतु ॲरिस्टॉटलपासून अनेक विचारवंतांनीं एक गोष्ट मान्य केली आहे कीं, जें कृत्य टाळणें कर्त्याच्या हातीं नव्हतें, त्याबद्दल त्याला शाबासकीही देतां येत नाहीं आणि दोषही देतां येत नाहीं. ज्या सद्गुणाची कधीं परीक्षाच झाली नाहीं तो सद्गुण कसला, असें मिल्टन यानें १६४४ सालीं छापण्याच्या स्वातंत्र्याची कैफियत मांडतांना विचारलें होतें. कँटच्या मतें तर माणूस नीतिमान् ठरतो तो नियम पाळतो म्हणून नव्हे. ज्या नियमाला त्याच्या स्वतःच्या विवेकानें मान्यता दिली आहे तो पाळतो म्हणून. या कसोटीला लाविलें तर एलेचें आज्ञापालन आणि उतारावरून पाण्याचें वाहणें यांची नैतिक किंमत एकच ठरते. ‘हो’ या शब्दाला मोल येतें तें ‘नाहीं’ हा शब्द तोंडांत असल्यामुळें.

येथें कोणी म्हणेल कीं, ही परीकथेंतील गोष्ट झाली. खऱ्या घरांतून व शाळांतून आज्ञापालन शिकविलें नाहीं तर चालेल कसें? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. विहिरीच्या काठाशीं धांवणाऱ्या पोराला ‘थांब’ म्हटल्यावर त्यानें कारण विचारीत बसूं नये, हें उघड आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीं, आगीच्या वेळीं, एकाचें सर्वांनीं ऐकणें हेंच शहाणपण असतें. अशा ठिकाणीं आज्ञा ही एक काठी आहे; चालतां येईपर्यंत ती हातीं द्यावयाची असते. आमची तक्रार काठीविषयीं नाहीं. काठीलाच पाय समजण्याविषयीं आहे. ज्या माणसाला पन्नास वर्षें केवळ ऐकण्याची संवय लागली, तो चांगल्या माणसाचें ऐकत होता तोंवर चांगला दिसतो. मालक बदलला कीं तोच माणूस काय करील हें सांगतां येत नाहीं. येल विद्यापीठांत स्टॅन्ले मिल्ग्रॅम यांनीं १९६१ सालीं सुरू केलेल्या प्रयोगांत, दुसऱ्या खोलींतील माणसाला विजेचे वाढते धक्के द्या, असें एक माणूस शांतपणें सांगत असे. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना तें ठाऊक नव्हतें. पहिल्या प्रसिद्ध प्रयोगांत चाळीसांपैकीं सव्वीस जण शेवटच्या खुणेपर्यंत गेले. हे सव्वीस जण क्रूर नव्हते. ते शहाणे होते, म्हणजे ज्या अर्थानें आम्ही पुतणीला शहाणी म्हणत असूं त्या अर्थानें.

आमच्या पुराणांतही ही शंका कोणास आली नव्हती असें नव्हे. जमदग्नीनें पुत्रांना आईचा वध करण्यास सांगितलें, तेव्हां परशुरामानें परशु उचलला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. बापानें प्रसन्न होऊन वर दिला आणि त्या वरानें आई पुन्हां उठली, म्हणून कथा गोड होते. परंतु त्याच्या आधीं चौघां भावांना हीच आज्ञा झाली होती, आणि त्या चौघांचाही हात उचलला गेला नाहीं. बापाच्या शापानें ते जड होऊन गेले, हें किती जणांस आठवतें? त्यांचीं नांवें महाभारतांत दिलेलीं आहेत. पण लोकांच्या जिभेवर एकही नाहीं. याच महाभारताच्या शांतिपर्वांत चिरकारी नांवाच्या दुसऱ्या एका मुलाची कथा आहे. त्यालाही बापानें आईला मारण्याची आज्ञा दिली. तो स्वभावानेंच मंद, प्रत्येक गोष्टीचा फार वेळ विचार करणारा. पित्याचें ऋण मोठें कीं मातेचें, असा विचार करीत तो इतका वेळ शस्त्र हातीं घेऊन बसला कीं, तेवढ्यांत बापाचा राग उतरला, आणि आपल्या हातून काय झालें असेल या भयानें तो रडत परत आला. मुलानें विलंब केला म्हणून त्यानें त्याला पोटाशीं धरलें. आम्हांस वाटतें, आज्ञा आणि अवज्ञा यांच्यामध्यें विचारासाठीं जी थोडीशी जागा असावी लागते, तिचें एवढें सुंदर चित्र दुसरीकडे क्वचितच असेल. एलेला नाकारली गेली ती नेमकी हीच जागा.

पुस्तकांत एक लहानसा प्रसंग आहे; आमच्या मतें तोच सगळ्यांत भयंकर आहे. एला अनेक संकटें सोसून, राक्षसांच्या देशाची एक लग्नसभा गांठून, तेथें आलेल्या लूसिंडेला भेटते आणि विनविते कीं तुझें वरदान परत घे. लूसिंडेला तें कृतघ्नपणाचें वाटतें. अशा सुंदर गुणाबद्दल तूं आनंद मानला पाहिजेस, असें ती म्हणते. आणि तीही आज्ञाच असल्यामुळें एला त्या क्षणापासून खरोखरीच आनंदी होते. आपण किती भाग्यवान् असें मानीत ती घरीं येते. शेवटीं मँडीला उलट आज्ञा करून तिचा हा आनंद काढून घ्यावा लागतो. देहाला बांधणाऱ्या आज्ञेपेक्षां मनाला समाधान मानावयास लावणारी आज्ञा अधिक पक्की असते. ‘आमच्या मुलींना कांहीं तक्रार नाहीं’ असें जेव्हां वडील माणसें सांगतात, तेव्हां ती तक्रार नाहींशी कोणी केली हें कोणी विचारीत नाहीं. आम्हीही वर्षानुवर्षें वर्गांत असे प्रसन्न, होकारार्थी माना हलविणारे चेहरे पाहत आलों आहों. आणि त्या माना हलल्या म्हणजे आमचें शिकविणें सफल झालें असें समजत आलों आहों.

शेवट थोडक्यांत सांगतों. राजपुत्राचें एलेवर प्रेम बसतें, तिचेंही त्याच्यावर बसतें. परंतु तिच्या ध्यानांत येतें कीं, आपण राणी झालों आणि शत्रूला आपलें वर्म कळलें, तर तो आपल्या हातानें राजाचा प्राण घेऊं शकेल, राज्याचें गुह्य काढून घेऊं शकेल. म्हणून ती खोटें पत्र लिहून त्याला दूर करते. नृत्यसभा, कांचेचा जोडा, सगळें होऊन राजपुत्र दारीं येतो आणि म्हणतो, मी तुझ्याशीं लग्न करीन असें म्हण. सावत्र आई व बहीण यांच्याही आज्ञा सुटतात. सगळें शरीर ‘हो’ म्हणावयास धांवतें. आणि त्या क्षणीं एला, जें तिला जगांत सर्वांत हवें आहे त्यालाच, ‘नाहीं’ म्हणते. वरदान तुटतें. मग ती मोकळेपणानें त्याच राजपुत्राला होकार देते. या पुस्तकावरून २००४ सालीं निघालेल्या चित्रपटांत हा प्रसंग पार बदलला आहे. तेथें दुष्ट चुलता तिला राजपुत्राला ठार मारण्याची आज्ञा देतो, आणि ती आरशांतील आपल्या प्रतिबिंबालाच आज्ञा करते कीं यापुढें तूं आज्ञाधारक राहणार नाहींस. युक्ति चतुर आहे, आणि क्षणभर तिला कँटचा वासही येतो. कारण येथें माणूस स्वतःच स्वतःला नियम घालून देत आहे. परंतु विचार केला तर ही सुटका पोकळ आहे. आज्ञेनें आज्ञा कापली, एवढेंच झालें. पुस्तकांतील एला आज्ञेनें सुटत नाहीं. ती एका कारणानें सुटते; तें कारण तिनें स्वतः तोललेलें असतें, आणि त्याची किंमतही तीच मोजते.

पुस्तक निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. सावत्र आई व तिच्या मुली यांचीं चित्रें एकाच रंगांत काढलेलीं आहेत. त्यांच्या लोभापलीकडे त्यांना अंतःकरण म्हणून कांहीं नाहीं. ज्या लेखिकेनें नायिकेविषयीं ‘ही अशी कां’ असें विचारलें, तिनें हॅटीविषयींही तो प्रश्न विचारावयास हवा होता. शेवटचीं कांहीं पानें घाईचीं आहेत. परंतु एक बारकावा आम्हांस फार आवडला: लग्नानंतर एला राजकन्येची पदवी घेत नाहीं, दरबारची भाषापंडित आणि स्वयंपाकिणीची मदतनीस, एवढींच नांवें ती स्वीकारते. लादलेलें वरदान टाकून, कमावलेला गुण तिनें ठेवला.

आम्हीं हें सगळें पुतणीला मोठ्या उत्साहानें सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि विचारलें, “पण काका, तिला स्वतःसाठीं कां नाहीं जमलं? इतकी वर्षं ती प्रयत्न करीत होती. राजपुत्राचा जीव आणि देश धोक्यांत आल्यावरच कां जमलं?” प्रश्न बिनतोड होता. पुस्तकांतही एला हें कबूल करते कीं, केवळ आपली सुटका हें कारण पुरेसें पडलें नव्हतें. मग या गोष्टीचा बोध असा व्हावयाचा काय कीं, मुलीनें ‘नाहीं’ म्हणावें, पण तेंही दुसऱ्यासाठींच? जुनी सिंड्रेला दुसऱ्यांसाठीं सोशीत होती. नवी दुसऱ्यासाठीं बंड करते. स्वतःसाठीं करावयाचें तें दोघींच्याही यादींत नाहीं. आम्हीं प्रथम लेखिकेची बाजू घेतली. जिला जन्मभर दुसऱ्यांचेंच पाहावयास शिकविलें, तिच्या अंगीं बळ येणार तें प्रथम त्याच वाटेनें येणार, हें खरेंच आहे. परंतु बोलतां बोलतां आमचें आम्हांसच जाणवलें कीं, हें स्पष्टीकरण झालें, समर्थन झालें नाहीं. स्वतःविषयींचीं कर्तव्यें हीं कर्तव्यांच्या यादींतून कँटनेंही वगळलेलीं नाहींत. जी व्यक्ति स्वतःला नकारालाही पात्र समजत नाहीं, तिला तसें कोणीतरी समजावयास लाविलेलें असतें. तें कोणी लाविलें?

या प्रश्नापाशीं आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती लिहिल्यावांचून हा निबंध प्रामाणिक होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक विद्यार्थिनी होती. तत्त्वज्ञानांत तिची बुद्धि चांगली चाले, पुढें एम्. ए. करावें असें तिच्या मनांत होतें. वडिलांनीं लग्न ठरविलें. सासरच्यांना पुढील शिक्षण नको होतें. ती एके दिवशीं आमच्या खोलींत आली आणि म्हणाली, “सर, मी काय करूं?” आम्हीं घड्याळाकडे पाहिलें, पुढच्या तासाला दहा मिनिटें होतीं. आईवडिलांचें मन मोडूं नये, ते तुझें वाईट चिंतणार नाहींत, असा पोक्त उपदेश आम्हीं केला. ती “बरं, सर” म्हणाली आणि गेली. नीतिशास्त्राचा तास आम्हीं वेळेवर घेतला.

पुष्कळ वर्षांनीं एका लग्नसमारंभांत ती भेटली. संसार चांगला आहे, मुलें हुशार आहेत. तिच्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता. आम्हीं संकोचानें तो दिवस काढला आणि म्हटलें, “त्या वेळीं आम्हीं तुला ‘नाहीं म्हण’ असें सांगावयास हवें होतें.” ती हंसली आणि म्हणाली, “सर, तसं सांगितलं असतंत, तर मी तेंही ऐकलं असतं.”

हें वाक्य त्या वेळीं आम्हांस केवळ चतुर वाटलें होतें. एलेची गोष्ट वाचल्यावर त्याचा अर्थ उमगला. आम्हीं उजवीकडे जा म्हटलें असतें काय, किंवा डावीकडे जा म्हटलें असतें काय, तिला मिळाली असती ती आज्ञाच. लूसिंडेनें दिलेला आनंद मँडीनें काढून घेतला, पण तोही आज्ञेनेंच. म्हणून त्या हातांत माया असूनही मुलगी सुटली नाहीं. स्वातंत्र्य ही हुकूम करून देतां येण्यासारखी वस्तु नव्हे. मग आम्हीं त्या दिवशीं करावयाचें होतें तरी काय? उत्तर आतां फार सोपें दिसतें, आणि म्हणूनच लाज वाटते. तिला बसावयास सांगावयाचें, ‘तुला स्वतःला काय वाटतें?’ असें विचारावयाचें, आणि तिचें उत्तर येईपर्यंत, मग तास बुडाला तरी, गप्प राहावयाचें. चिरकारीला शस्त्र हातीं धरून जेवढा वेळ मिळाला, तेवढा वेळ तिला आमच्या खोलींत मिळावयास हवा होता. आमच्याजवळ तो होता. आम्हीं त्या ऐवजीं उपदेश दिला, कारण उपदेशाला वेळ कमी लागतो.

म्हणून या पुस्तकाचें खरें पात्र, आमच्यासारख्या वाचकापुरतें तरी, एला नव्हे, लूसिंडा आहे. ती दुष्ट नाहीं. हातीं सत्ता, मनांत प्रेम, आणि आपल्या देणगीविषयीं पूर्ण खात्री, अशी ती आहे. आणि आईबाप, शिक्षक, समाजधुरीण म्हणून आपणांपैकीं बहुतेक जण असेच आहोंत. मँडी तिला एकच उपाय सुचविते: तूं जीं वरदानें वांटतेस तीं स्वतः भोगून पहा. त्याप्रमाणें लूसिंडा तीन महिने खार होऊन राहते आणि तीन महिने आज्ञाधारक मूल होऊन राहते. त्या सहा महिन्यांनीं ती बदलते. मोठी जादू कायमची सोडून देते. परंतु त्या वेळपर्यंत एलेला दिलेलें वरदान परत घेणें तिच्याही हातीं उरलेलें नसतें, कारण तें काढून घेणें हीही मोठी जादूच. पश्चात्ताप देणाऱ्याचा, आणि सुटका मात्र घेणाऱ्यानें स्वतः करून घ्यावयाची, हा या गोष्टीचा कठोर पण खरा न्याय आहे.

सुटी संपून पुतणी घरीं जावयास निघाली तेव्हां तिनें विचारलें, “काका, अकरावीला मी विज्ञान घेऊं कीं कला? बाबा विज्ञान म्हणतात. तुम्ही सांगाल तें मी बाबांना सांगते.” आमच्या जिभेवर उत्तर अगदीं तयार होतें, आणि तें चांगलेंही होतें. आम्हीं तें गिळलें आणि तिलाच विचारलें कीं तुला काय वाटतें. ती बराच वेळ बोलेना. गाडीला अवकाश थोडाच होता. पण या वेळीं आम्हीं घड्याळाकडे पाहिलें नाहीं.